कंत्राटदार परका, पत्ता इथला

(जूचंद्र, ता. वसई येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



जूचंद्र हे नाव दोन गोष्टींसाठी सर्वदूर परिचित आहे. एक, टेकडीवरील चंडिकामातेचे देवस्थान आणि दुसरी, या गावच्या कलावंतांची रांगोळी. अलीकडच्या काळात तिसरी ओळख जोडली गेली. वसई रोड-दिवा लोहमार्गावरचे हे स्थानक देशातील सर्वांत मोठ्या बांधकामांच्या शेजारी येऊन बसले आहे. दादरीपासून जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंतच्या सुमारे १,५०० किलोमीटर लांबीच्या पश्चिम समर्पित मालवाहू मार्गाचा वैतरणा ते बंदर हा अखेरचा टप्पा याच पट्ट्यातून जातो. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचा मार्गही याच तालुक्यातून जातो. या दोन्ही प्रकल्पांना जपानचे कर्ज आहे.

अशी कामे गावाच्या वेशीवर आली की गावाचे जीवन बदलते. कुणी डंपर विकत घेतो, कुणी खडी पुरवतो, कुणी कामगारांच्या जेवणाचे कंत्राट घेतो. फलकावर दोन-तीन कंपन्यांची नावे असतात, त्यांतले एखादे परदेशी असते. काम चालू असते तोवर त्या नावाशी कुणाला काही कर्तव्य नसते. बिल थकले, मजुरी अडकली, घराला तडा गेला, नाल्याचा प्रवाह बुजला की मगच प्रश्न उभा राहतो : दाद मागायची ती कुणाकडे? तोकियोला, सोलला की शांघायला?

परदेशी बांधकाम कंत्राटदारांची नोंदणी आणि परवाने हा विषय रुक्ष वाटतो. सनदी लेखापाल आणि वकील यांनी पाहावा असा वाटतो. परंतु या सगळ्या कागदपत्रांचा अर्थ एका वाक्यात सांगायचा, तर तो असा की परक्या कंत्राटदाराला या भूमीवर एक पत्ता असला पाहिजे. त्या पत्त्यावर नोटीस बजावता आली पाहिजे. हा पत्ता मिळवण्यासाठी या देशाला, आणि विशेषतः या मुंबई इलाख्याला, मोठी किंमत मोजावी लागली आहे.

बोरघाटाचा धडा

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी १८४९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. तिचे भागधारक इंग्लंडात होते, संचालक मंडळ लंडनमध्ये होते आणि भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी मात्र हिंदुस्थानच्या महसुलातून दिलेली होती. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाचे अवघड काम विल्यम फेविएल या इंग्रज कंत्राटदाराला मिळाले. डोंगर फोडायचा, बोगदे खणायचे, उंच पूल उभारायचे. हे सारे करणारे हात मात्र इथले होते.

१८५९ च्या प्रारंभी मजुरी थकल्यावरून घाटातील मजुरांनी उठाव केला. दंगल झाली, त्यात एक युरोपीय मारला गेला. फेविएलने कंत्राट सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला आणि त्याच वर्षी आजाराने मरण पावला. पुढे त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्याकडे घेऊन ते तडीस नेले आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. अ‍ॅलिस ट्रेडवेलचे धैर्य वाखाणण्याजोगे होते, यात शंका नाही. पण आपला प्रश्न मजुरांचा आहे. त्यांनी हातात दगड का घेतले? कारण दाद मागण्याची दुसरी जागाच नव्हती. मुकादमाकडे गेले तर तो म्हणे, वरून पैसा आला नाही. वरचा गोरा साहेब म्हणे, कंत्राट माझ्या मालकाचे आहे. आणि त्या मालकाची नाळ होती सातासमुद्रापलीकडे.

या दंग्यानंतर सरकारला जाग आली आणि १८६० मध्ये मालक व कामगार यांच्यातील तंट्यांसंबंधीचा कायदा झाला. रेल्वे, कालवे अशा सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत, अशी तरतूद त्यात आली. मात्र त्याच कायद्याने काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षेचीही तरतूद केली. पारतंत्र्यातला कायदा तो! तरीही एक तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले : जेथे काम चालते, तेथेच कंत्राटदाराने उत्तर दिले पाहिजे. स्वतंत्र भारतातील नोंदणीचे सारे नियम या तत्त्वाचा विस्तार आहेत.

एक परवाना नाही, अनेक दारे

अनेकांची अशी समजूत असते की परदेशी कंपनीला बांधकामासाठी दिल्लीहून एक मोठा परवाना मिळतो आणि तो मिळाला की सारे रान मोकळे. वस्तुस्थिती निराळी आहे. आपल्याकडे बांधकाम व्यवसायाचा असा एकच अखिल भारतीय परवाना नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग आपल्या कामांसाठी कंत्राटदारांची वर्गवार नोंदणी करतो, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची यादी वेगळी असते आणि मोठ्या प्रकल्पांत प्रत्येक निविदेपुरती पात्रता तपासली जाते. परदेशी कंपनीला एकामागून एक अनेक दारे ओलांडावी लागतात.

पहिले दार निविदेचे. पूर्वी केलेली कामे, उलाढाल, यंत्रसामग्री आणि अनुभव यांची येथे परीक्षा होते. बहुधा परदेशी कंपनी एकटी येत नाही, भारतीय कंपनीशी संयुक्त गट करते. कुलाबा ते आरे या मुंबईच्या भुयारी मेट्रोची कंत्राटे पाहावीत. शांघाय टनेल इंजिनिअरिंग ही चिनी कंपनी लार्सन अँड टुब्रोबरोबर होती, मॉस्को मेट्रोस्ट्रॉय हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनबरोबर, तुर्कस्तानची दोगुश सोमाबरोबर, तैवानची काँटिनेंटल इंजिनिअरिंग आयटीडी सिमेंटेशन व टाटा प्रोजेक्ट्सबरोबर. १२ जानेवारी २०२४ रोजी लोकार्पण झालेल्या अटल सेतूवर जपानची आयएचआय लार्सन अँड टुब्रोसह होती आणि दक्षिण कोरियाची देवू टाटा प्रोजेक्ट्ससह. अशा गटांत सामान्यतः संयुक्त आणि पृथक जबाबदारीची अट असते. एक भागीदार मागे हटला तरी दुसऱ्याला हात झटकता येत नाहीत. निविदेतील ही एक ओळ पुष्कळदा साऱ्या हमीपत्रांहून मोलाची ठरते.

दुसरे दार परकीय चलनाचे. परदेशी कंपनीला येथे प्रकल्प कार्यालय उघडावे लागते. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली रिझर्व्ह बँकेने २००० मध्ये आणि नंतर २०१६ मध्ये त्यासाठी विनियम केले. भारतीय कंपनीकडून कंत्राट मिळालेले असेल आणि प्रकल्पाचा पैसा थेट परदेशातून, आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थेकडून किंवा भारतीय बँकेच्या मुदत कर्जातून येत असेल, अथवा प्रकल्पाला सक्षम प्राधिकरणाची मंजुरी असेल, तर अशा कार्यालयाला सर्वसाधारण परवानगी देण्यात आली. पाकिस्तानातील अर्जदाराला मात्र रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी सक्तीची करण्यात आली. चीन, हाँगकाँग, बांगलादेश, इराण आदी देशांतील अर्जदारांना जम्मू-काश्मीर, ईशान्य भारत आणि अंदमान-निकोबार येथे कार्यालय उघडायचे असल्यास तीच अट लावण्यात आली.

या विनियमांतील एक तरतूद सर्वसामान्यांच्या कामाची आहे. काम चालू असताना प्रकल्प कार्यालयाला शिल्लक रक्कम मायदेशी पाठवायची असेल, तर भारतातील देणी आणि प्राप्तिकर भागवण्याइतकी तरतूद केली असल्याचे लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र बँकेला द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. पैसे पाठवल्याने काम अडणार नाही आणि तूट आलीच तर ती परदेशातून रक्कम आणून भरून काढू, असे हमीपत्रही द्यायचे आहे. म्हणजे खडीवाल्याचे थकलेले बिल हेही त्या प्रमाणपत्रापुढचे एक देणे आहे. परंतु ते हिशेबात दिसायला हवे. ते कागदावरच नसेल, तर लेखापरीक्षकाला दिसणार कसे?

फलक आणि पत्ता

तिसरे दार कंपनी कायद्याचे. २०१३ च्या कायद्याचे कलम ३८० सांगते की परदेशी कंपनीने भारतात व्यवसायाचे ठिकाण उघडल्यापासून तीस दिवसांच्या आत कंपनी निबंधकाकडे कागदपत्रे दाखल केली पाहिजेत. त्यांत कंपनीची घटना, मायदेशातील नोंदणीकृत कार्यालय, संचालकांची यादी येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भारतात राहणाऱ्या अशा व्यक्तीचे नाव व पत्ता येतो, जिला कंपनीच्या वतीने नोटीस व समन्स स्वीकारण्याचा अधिकार आहे. त्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस कंपनीला मिळाली असेच कायदा मानतो. समुद्रापलीकडच्या कंपनीला येथे गाठण्याचा दरवाजा तो हाच.

कलम ३८२ मराठी माणसाने तर पाठच करावे. परदेशी कंपनीने भारतातील आपल्या प्रत्येक कार्यालयाबाहेर आपले नाव आणि आपला देश इंग्रजी अक्षरांत व त्याबरोबरच त्या परिसरात प्रचलित असलेल्या भाषेच्या लिपीत ठळकपणे लिहिला पाहिजे. १९५६ च्या जुन्या कायद्यातही ही तरतूद होती. जूचंद्रच्या परिसरात असे कार्यालय असेल, तर त्याबाहेर कंपनीचे नाव मराठीतून वाचता आले पाहिजे. यात कुणी कुणावर मेहेरबानी करण्याचा प्रश्नच नाही. कायद्याने मजुराला आणि शेतकऱ्याला दिलेला हा अधिकार आहे. ज्याचे नाव वाचता येत नाही, त्याच्याविरुद्ध तक्रार तरी कोण लिहिणार?

नोंदणी केली नाही तर काय? कलम ३९३ चे उत्तर मार्मिक आहे. कंपनीने केलेले करार त्यामुळे रद्द होत नाहीत आणि तिच्यावर दावा लावता येतो. मात्र कायद्याचे पालन करीपर्यंत त्या कंपनीला स्वतः दावा लावता येत नाही, की प्रतिदावाही करता येत नाही. नियम मोडणाऱ्याला न्यायालयाचे दार बंद आणि त्याच्याकडून ज्याचे येणे आहे त्याला उघडे, अशी ही रचना आहे.

नावामागचा मालक

तथापि फलकावरचे नाव आणि प्रत्यक्ष मालक एकच असतो असे नाही. महाराष्ट्राने हे गुहागरच्या किनाऱ्यावर अनुभवले. दाभोळ वीज प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. प्रवर्तक एन्रॉन, बांधकाम बेक्टेलचे आणि यंत्रे जनरल इलेक्ट्रिकची. दाभोळ पॉवर कंपनी ही कागदोपत्री भारतात नोंदलेली कंपनी होती. १९९५ मध्ये युती शासनाने करार रद्द केला, पुढे तो नव्या अटींवर मार्गी लागला, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये संच बंद पडले. त्या वर्षअखेरीस एन्रॉननेच दिवाळखोरी जाहीर केली. त्यानंतर बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी भारताविरुद्ध लवादाची वाट धरली, ती मॉरिशसमधील कंपन्यांच्या आधारे, भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराचा हवाला देऊन! २००५ मध्ये तडजोड झाली. काम कोकणात, मालक अमेरिकेत आणि दाव्याचा आधार मॉरिशसमध्ये. भारतातली नोंदणी होती, परंतु मागची साखळी करार करताना कुणी पुरती उलगडून पाहिली नव्हती, त्याची ही किंमत.

हा धडा जुलै २०२० मधील आदेशात उमटलेला दिसतो. १५ जून २०२० रोजी गलवानमध्ये आपले वीस सैनिक हुतात्मा झाले. २३ जुलै रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आदेश काढला की भारताशी भू-सीमा असलेल्या देशांतील बोलीदाराने आधी सक्षम समितीकडे नोंदणी केली पाहिजे. परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय अनुमती आणि गृह मंत्रालयाची सुरक्षाविषयक अनुमती त्यासाठी अनिवार्य ठरवण्यात आली. राज्य सरकारांनाही हा आदेश लागू करण्यात आला. महत्त्वाचे हे की, आदेशाने केवळ कंपनीच्या नोंदणीचा देश पाहिला नाही. पंचवीस टक्क्यांहून अधिक हिस्सा ज्याच्या ताब्यात आहे, तो खरा लाभधारक मालक कोणत्या देशाचा, हेही पाहण्यास सांगितले. मॉरिशसच्या पडद्याला दिलेले हे उत्तर म्हणता येईल.

त्याच सुमारास दोन प्रकरणे गाजली, ती एकत्र पाहण्यासारखी आहेत. पूर्व मालवाहू मार्गाच्या कानपूर ते मुगलसराय या ४१७ किलोमीटरच्या टप्प्यावरील सिग्नल यंत्रणेचे ४७१ कोटींचे कंत्राट २०१६ मध्ये एका चिनी संस्थेला मिळाले होते. चार वर्षांत केवळ वीस टक्के काम झाले, या कारणावरून ते २०२० मध्ये रद्द करण्यात आले. दुसरे प्रकरण दिल्ली-मेरठ जलद मार्गावरील ५.६ किलोमीटर भुयाराचे. शांघाय टनेल इंजिनिअरिंगची बोली सर्वांत कमी, ११२६ कोटींची निघाली. स्वदेशी जागरण मंचाने तीव्र आक्षेप घेतला. तरीही जानेवारी २०२१ मध्ये ते काम त्याच कंपनीला गेले. प्रकल्पाला आशियाई विकास बँकेचे कर्ज होते आणि आवश्यक त्या मंजुऱ्या घेतल्या असल्याचे महामंडळाने सांगितले.

या दोन उदाहरणांतून काय बोध घ्यावा? भावनेच्या लाटेवर कंत्राट रद्द होत नाही, ते रद्द होते करारातील कलमावर. पहिल्या प्रकरणात कामाच्या प्रगतीची नोंद होती म्हणून कारवाई टिकण्याजोगी झाली. दुसऱ्या प्रकरणात निविदा निघाली तेव्हाच तिची चौकट ठरली होती. कर्ज ज्याचे, त्याच्या अटी निविदेत येतात. म्हणून स्वदेशीचा आग्रह धरायचा असेल, तर तो निविदा उघडल्यावर धरून उपयोग नाही. कर्जाचा करार आणि निविदेचा मसुदा होत असतानाच तो धरला पाहिजे.

इतर देश काय करतात?

नियम कडक केले तर परदेशी तंत्रज्ञान येणार नाही, अशी भीती नेहमी घातली जाते. जपानचेच पाहू. तेथे १९४९ च्या बांधकाम व्यवसाय कायद्याने परवाना लागतो, बांधकामाचे २९ प्रकार ठरलेले आहेत आणि परवान्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. शिवाय जपान ज्या विशेष अटींवर कर्ज देतो, त्यांत मुख्य कंत्राटदार जपानी किंवा जपानी नेतृत्वाचा गट असावा आणि किमान तीस टक्के माल व सेवा जपानच्या असाव्यात, अशी अपेक्षा असते. पश्चिम मालवाहू मार्गाच्या रेवाडी-इक्बालगड टप्प्याचे काम २०१३ मध्ये सोजित्झ आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या गटाला मिळाले, ते याच चौकटीत. सौदी अरेबियाने १ जानेवारी २०२४ पासून असा नियम केला की ज्या परदेशी कंपनीचे प्रादेशिक मुख्यालय आपल्या देशात नाही, तिला सरकारी कंत्राट द्यायचे नाही. आखाती देशांत मोठी कामे करणाऱ्या भारतीय कंपन्याही तेथील नोंदणी करूनच कामे करतात. आपल्या अंगणात आपण तीच अपेक्षा ठेवली, तर त्यात संकुचितपणा कसला?

आणि आग्रह वेळेवर धरला तर तो साधतोही. अतिजलद रेल्वेला जपानचे कर्ज असूनही तिच्या स्थापत्यकामाची मोठी कंत्राटे भारतीय कंपन्यांना मिळाली. शिळफाटा ते झरोळी हा पालघर जिल्ह्यातून जाणारा १३५ किलोमीटरचा टप्पा लार्सन अँड टुब्रोकडे आला आणि समुद्राखालील सात किलोमीटरसह एकवीस किलोमीटरच्या बोगद्याचे काम अ‍ॅफकॉन्सकडे गेले. ज्यांनी परदेशी भागीदारांसह भुयारे खणली आणि सागरी सेतू उभारले, त्याच भारतीय कंपन्या आज मोठी कामे स्वबळावर पेलत आहेत. परकी विद्या घ्यावी, ती आत्मसात करावी, यात कमीपणा नाही. ती घेताना हिशेबाची वही मात्र आपल्या हाती असावी.

शेवटचा माणूस

आता पुन्हा मजुराकडे वळू. कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा आणि बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा, असे कायदे आपल्याकडे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते नव्या श्रमसंहितांत समाविष्ट झाले. कायद्याचे नाव बदलले तरी गाभा तोच राहिला : कंत्राटदाराने मजुरी दिली नाही, तर मुख्य नियोक्त्याला ती द्यावी लागते आणि मग त्याने ती कंत्राटदाराकडून वसूल करायची. बोरघाटातल्या मजुराजवळ हेच नव्हते. पण हा हक्क बजावायचा, तर त्या मजुराचे नाव हजेरीपटावर असावे लागते. परदेशी कंपनीकडून मोठ्या भारतीय कंपनीकडे, तिच्याकडून उपकंत्राटदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे, अशी काम उतरत जाण्याची साखळी असते. शेवटच्या कडीवर कागद संपतो आणि तोंडी व्यवहार सुरू होतो. अन्याय घडतो तो नेमका तेथेच.

हीच गोष्ट गावातल्या लहान पुरवठादाराची. परदेशी कंपनीने नोंदणी करावी, असा आग्रह धरणाऱ्याने आपलीही नोंदणी पाहावी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, फार तर पंचेचाळीस दिवसांत दिले पाहिजेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास व्याज आहे, दाद मागायला परिषद आहे. परंतु लेखी कार्यादेश नाही, पोच नाही, देयक नाही, केवळ ओळखीवर डंपर पाठवले, तर कायदा तरी काय करणार?

म्हणून कार्यकर्त्यांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. आपल्या परिसरातील प्रकल्पाच्या फलकावरील कंपन्यांची नावे टिपून घ्यावीत. परदेशी कंपनीच्या कार्यालयाबाहेर मराठीत नाव आहे का, ते पाहावे. नसेल तर कलम ३८२ चा उल्लेख करून सभ्य भाषेत पत्र द्यावे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींतून ठरलेले शुल्क भरून कंपनीची दाखल कागदपत्रे पाहता येतात. त्यांतून नोटीस स्वीकारणाऱ्या प्रतिनिधीचा पत्ता काढून ठेवावा. प्रकल्प राबवणारे महामंडळ सार्वजनिक असेल, तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून करारातील भागीदार आणि त्यांची जबाबदारी विचारावी. मजुरांच्या वस्तीत जाऊन हजेरीपटावर नावे चढली आहेत का, ते पाहावे. ते मजूर बिहारचे असोत वा ओडिशाचे, ते आपलेच बांधव आहेत. त्यांच्या मजुरीची चौकशी करणे हे राष्ट्रकार्यच आहे.

देशात मोठी बांधकामे व्हावीत, वेगाने व्हावीत, ज्याच्याकडे उत्तम विद्या आहे त्याने ती येथे आणावी. त्याचे स्वागत करण्याइतका हा समाज उदार आहे. मात्र १८५९ मध्ये घाटातल्या मजुरांना जो प्रश्न पडला, तो पुन्हा कुणाला पडू नये. कामावर असलेल्या शेवटच्या माणसाला, आपले येणे कुणाकडे मागायचे, हे नावानिशी आणि पत्त्यानिशी ठाऊक असावे. तो पत्ता इथला असावा आणि फलकावर त्याला वाचता येईल अशा लिपीत लिहिलेला असावा. इतके झाले तरी नोंदणीच्या कायद्यांचा हेतू बहुतांशी सफल झाला, असे म्हणता येईल.